पहिली सेकंडहँड गाडी: बघायला जाण्यापासून आरसीवर नाव लागेपर्यंत

दसरा-दिवाळी जवळ आली की मला ठरलेले फोन येतात. "दादा, रविवारी मोकळा आहेस का? एक गाडी बघून ठेवलीय, जरा नजर टाकशील का?" कधी भाचा असतो, कधी ऑफिसातलं कुणी, कधी सोसायटीतले काका. मी मेकॅनिक नाही. पण गेल्या पंधरा वर्षांत पुण्यात, साताऱ्यात, सांगलीत लोकांबरोबर हिंडून चाळीसेक जुन्या गाड्या खालून-वरून बघितल्यात, आणि घरच्याच एका माणसाला मोठा फटका बसलेलाही बघितलाय. फसलेली जवळजवळ सगळी माणसं घाईत होती. कुणाला मुहूर्त गाठायचा होता, कुणी "संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय" एवढं ऐकून टोकन देऊन बसलं होतं. म्हणून खालच्या पायऱ्या मी एकाच हिशेबाने लावल्यात: पैसे हातातून सुटायच्या आधी काय काय बघून झालेलं असलं पाहिजे.

आधी हिशेब

हाताशी पाच लाख असतील तर गाडी साडेचार लाखांपर्यंतचीच शोधा. उरलेले पन्नास हजार पहिल्या दोन महिन्यांत लागतातच. छोट्या हॅचबॅकचे चार टायर बदलायचे म्हटले तरी पंधरा-वीस हजार जातात. शिवाय बॅटरी, पहिली सर्व्हिसिंग, विमा, ट्रान्सफरची फी. कर्ज काढणार असाल तर जुन्या गाडीचं व्याज नव्या गाडीपेक्षा जास्त असतं, तेव्हा हप्त्याचा आकडा बँकेकडून लेखी घ्या आणि मगच बाहेर पडा.

दोन-अडीच वर्षं वापरलेली गाडी बघत असाल तर आधी शोरूममध्ये जाऊन त्याच मॉडेलच्या नव्या गाडीचा आजचा भाव काढा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के आणि वरचा सेस यावरून १८ टक्क्यांवर आला. काही मालक मात्र अजून त्याआधी स्वतः मोजलेल्या किमतीवरूनच भाव सांगतात. फरक लाख-सव्वा लाखाचाच राहत असेल तर मी सरळ नवी घ्यायला सांगतो. जुन्या गाडीत खरा फायदा चार ते सात वर्षांच्या गाडीत आहे: किंमत बरीच उतरलेली असते आणि गाडीत दम बाकी असतो.

इंधनाचं थोडक्यात. दिवसाला वीस-तीस किलोमीटर गावातल्या गावात फिरणार असाल तर डिझेल घेऊ नका. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या कडक नियमांतल्या) डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. गाडी अधूनमधून हायवेला सलग पळाली तरच ती काजळी जळून जाते. नुसतं सिग्नल ते सिग्नल चालवलं की तो फिल्टर चोंदतो, आणि त्याचं काम महागडं असतं. सीएनजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर ते आरसीवर आणि विम्यावर चढवलेलं आहे का बघा, आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झाल्याची प्लेट व कागद मागा. ते नसेल तर डिकीत घरच्यांच्या पाठीमागे तो सिलिंडर घेऊन फिरू नका.

सुरक्षेच्या बाबतीत मी आग्रही आहे. एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) एप्रिल २०१९ पासून आणि ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. शेजारच्या सीटची एअरबॅग त्यानंतर, २०२१ मध्ये. त्याआधीच्या स्वस्त व्हेरियंटमध्ये यातलं काहीच नसू शकतं. सनरूफ आणि मोठी स्क्रीन सोडावी लागली तरी चालेल, दोन एअरबॅग आणि एबीएस सोडू नका.

आधी नंबर मागा, गाडी नंतर बघा

फोनवर पहिली गोष्ट गाडीचा नंबर विचारा. "आधी या तर खरं, मग देतो" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. नंबर मिळाला की एमपरिवहन ॲपवर टाका. पासिंगची तारीख, कितवा मालक, इंधन, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, बोजा (गाडीवरचं कर्ज) आहे का, हे पाच मिनिटांत दिसतं. जाहिरातीत "फर्स्ट ओनर" आणि ॲपवर तिसरा मालक, असं मी चार-पाचदा तरी बघितलंय. तिथेच विषय संपवायचा.

गाडी कधी टूरला लावलेली होती का, हेही विचारा. पिवळी पाटी काढून नंतर पांढरी केलेली गाडी चालून चालून दमलेली असू शकते. चलनं महाराष्ट्र पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर दिसतात. थकलेली चलनं ट्रान्सफरच्या वेळी आडवी येतात, म्हणून ती विकणाऱ्याने व्यवहाराआधी भरायची, हे पहिल्याच बोलण्यात सांगून टाका. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी सुरक्षित नंबरप्लेट, म्हणजे एचएसआरपी, बसवली आहे का तेही बघा. ती नसली की आरटीओतली कामं अडतात.

आरसीवर बँकेचं नाव म्हणजे हायपोथिकेशन दिसत असेल तर गाडी सोडायची गरज नाही, पण क्रम पक्का ठेवा: आधी कर्ज फिटलेलं, बँकेचं नाहरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ (आरसीवरून बोजा काढायचा अर्ज) हातात, मग तुमचे पैसे. "तुम्ही पैसे द्या, मी लगेच लोन भरतो" यावर विसंबू नका. भरायचेच असतील तर विकणाऱ्याला बरोबर घेऊन बँकेत जा आणि रक्कम थेट कर्जाच्या खात्यात भरा.

परराज्यातल्या पासिंगच्या गाड्यांचा मोह पडतो, विशेषतः दिल्लीच्या. राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर न्यायालयीन आदेशांनी बंधनं आली, त्यामुळे तिकडे सात-आठ वर्षांची गाडीसुद्धा स्वस्तात निघते. पण ती इकडे कायमची आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी, इथे नवा नंबर आणि महाराष्ट्राचा कर हे सगळं आलं. हा खर्च मिळवून बघा. स्वस्ताईतला मोठा भाग तिथेच जातो, आणि त्या गाडीला ओळखणारं इथे कुणीच नसतं.

मीटरवरचा आकडा

रनिंग कमी दाखवायला मीटर मागे घेतात, डिजिटल मीटर असला तरी. म्हणून मी मीटर शेवटी बघतो. आधी क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टेअरिंगचा वरचा भाग, गिअरची मूठ, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड. मीटर पस्तीस हजार म्हणतोय आणि पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, तर आकडा खोटा आहे.

टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला टायर. २०१९ ची, पंचवीस हजार रनिंगची म्हणून दाखवलेली गाडी आणि चारही टायर २०२३ चे असतील, तर पहिले टायर इतक्यात कसे संपले हे विचारा. पक्का पुरावा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये असतो: प्रत्येक सर्व्हिसिंगला किती किलोमीटर झाले होते याची तिथे नोंद असते. मालकाला त्याच्याच फोनवरून ती हिस्ट्री मागवायला सांगा. ज्याची गाडी स्वच्छ आहे तो मागवतो.

पाण्यातून निघालेली गाडी

या एका गोष्टीवर मी जास्त बोलणार आहे.

२०२० च्या जानेवारीत माझ्या मेहुण्याने २०१७ ची एक पेट्रोल सेडान घेतली. तीन लाख ऐंशी हजारांना. मीही बरोबर होतो. संध्याकाळची वेळ, गाडी धुऊन पुसून चकाचक, आत अत्तराचा घमघमाट. आम्ही इंजिन ऐकलं, एक चक्कर मारली, खूश होऊन आलो. मार्चपासून सुरू झालं: मागची काच आपोआप खाली जायची, हॉर्न मध्येच बंद, मग एअरबॅगचा लाल दिवा विझेना. फिटर एक वायर दुरुस्त करायचा की आठवड्यात दुसरी जायची. एका सकाळी मी सहज मागचा सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढला. एरवी कधीच बाहेर न येणारी शेवटची हातभर पट्टी मातकट तपकिरी होती, आणि तिच्यावर पाण्याची सरळ रेघ उमटलेली होती. मग डिकीतलं कार्पेट उचललं, स्टेपनी काढली. खालच्या खळग्यात वाळलेला बारीक गाळ होता, बोटाने खरवडला की पापुद्रा सुटत होता. ऑगस्ट २०१९ च्या पुरात ती गाडी उभी बुडालेली होती. मेहुणा डिकीशी उभा राहून तो गाळ हातात घेऊन बघत होता, तो चेहरा मला आजही आठवतो. बघायला गेलो त्या संध्याकाळी तो बेल्ट ओढून बघायला मला दोन मिनिटं लागली असती.

महाराष्ट्रात हे कुठेही होऊ शकतं. २६ जुलै २००५ ला मुंबई, २०१९ ला सांगली-कोल्हापूर, २२ जुलै २०२१ ला चिपळूण, सप्टेंबर २०२३ ला नागपूर. विमा कंपनी ज्या गाड्या "टोटल लॉस" ठरवते त्यांतल्या काही भंगाराच्या भावाने विकल्या जातात, दुरुस्त होतात आणि दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन पुन्हा विक्रीला लागतात. इंजिन खोलून साफ करता येतं. पण दारांमधून, सीटखालून, डॅशबोर्डमागून फिरणाऱ्या वायरिंगमध्ये एकदा गाळाचं पाणी शिरलं की तिच्या जोडण्या आतून गंजत राहतात. म्हणून त्रास चार-सहा महिन्यांनी, तुमच्या दारात सुरू होतो.

तेव्हा पाचही सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. स्टेपनी बाहेर काढून खळगा बघा. पुढची सीट मागे सरकवून खालच्या रुळांवर आणि स्क्रूंवर गंज आहे का बघा, कार्पेटची कड उचलून खालचा फोम हाताने दाबा. फ्यूजबॉक्सचं झाकण उघडून कोपऱ्यात माती दिसते का बघा. हेडलाइटच्या काचेत आतून ओल किंवा मळकट रेघ असेल तर थांबा. गाडीत शिरताच अत्तराचा वास फार येत असेल तर काचा लावून, एसी बंद ठेवून दहा मिनिटं आत बसा. कुबट वास वर येतो. विम्याचा क्लेम कधी, किती रकमेचा झाला हेही विचारा.

सकाळी, थंड इंजिनावर

गाडी नेहमी सकाळी, उन्हात बघा, आणि "मी यायच्या आधी चालू करू नका" असं सांगून ठेवा. गेल्यावर पहिल्यांदा बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर कुणीतरी आधीच चालू करून ठेवलीय. तासाभराने परत या किंवा दुसरा दिवस ठरवा.

इंजिन थंड असतानाच ऑइलचं झाकण उघडा. झाकणाच्या आतल्या बाजूला चहावरच्या सायीसारखा थर असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असण्याची शक्यता आहे. कूलंटच्या बाटलीत तेलाचा तवंग नको. मग सेल्फ मारा. एका-दोन सेल्फमध्ये उचललं पाहिजे. कुणालातरी मागे उभं करा: निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा दाट धूर थांबतच नसेल तर कूलंट आत जातंय. थंडीत सुरुवातीला थोडी वाफ निघते, ती साधी गोष्ट आहे. गाडी चालू ठेवून डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढा. तिथून भकाभका धूर येत असेल तर इंजिनचं काम निघालेलं आहे, पुढचं काही बघू नका.

ॲक्सिडेंटचं बघताना गोंधळ होतो. शहरात वापरलेल्या गाडीचा बंपर किंवा एखादं दार रंगवलेलं असणं साहजिक आहे. त्यावरून चांगली गाडी सोडू नका. बघायचा तो सांगाडा. बोनेट उघडून फेंडरच्या (पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या) बोल्टवर पाना लागल्याच्या खुणा आहेत का बघा. दाराच्या चौकटीवरचं रबर हाताने ओढून काढता येतं. खाली कंपनीच्या वेल्डिंगचे गोल ठिपके सारख्या अंतरावर दिसतात. ते गायब असतील, तिथे पुट्टी किंवा ओबडधोबड वेल्डिंग असेल, तर गाडीला मोठा मार बसलेला आहे. पिलरला (छत धरणाऱ्या खांबाला) मार लागून काम झालेली गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. पुढच्या अपघातात तुम्हाला वाचवायची ताकद तिच्यात राहिलेली नसते. चेसी नंबर गाडीवर कोरलेला असतो. तो आरसीतल्या १७ अक्षर-अंकांशी एकेक करून स्वतः जुळवा.

चालवून बघताना

गाणी बंद, काचा खाली, आणि मालकाला बोलू देऊ नका. किमान अर्धा तास, त्यात थोडा खराब रस्ता, एक चढ आणि एक मोकळा पट्टा. स्पीडब्रेकरवर एका बाजूने खडखड आली तर लोअर आर्म, बुश किंवा शॉकअपचं काम आहे. हे दुरुस्त होतं, भावात धरा. मोकळ्या रस्त्यावर क्षणभर स्टेअरिंगवरची पकड सैल करा. गाडी एका बाजूला ओढते का. ब्रेक मारताना पेडल थरथरतं का. मग सपाट जागी थांबून हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडलं पाहिजे. ते चालूच राहिलं तर क्लचप्लेट संपत आलीय. एसी सुरू ठेवून चढ चढा. गरमीचा काटा मधल्या खुणेच्या वर जायला नको.

एवढं पसंत पडलं की गाडी तुमच्या ओळखीच्या फिटरकडे न्या आणि लिफ्टवर चढवून खालून बघा. फिटर तुमचा असावा, डीलरने सुचवलेला नको. त्याला त्याच्या वेळेचे हजार-दोन हजार रुपये आनंदाने द्या.

टोकन, पैसे, आरटीओ

भाव करताना गाडीला नावं ठेवू नका; कामांची यादी काढा. टायर एवढे, क्लच एवढा, बुश एवढे, आणि तेवढे कमी करायला सांगा. मालकालाही ते पटतं. टोकन पाच-दहा हजारांच्या वर नको आणि ते ऑनलाइन द्या. कागदांत काही निघालं तर टोकन परत, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. बाकी रक्कमही बँकेतूनच, आणि आरसीवर ज्याचं नाव त्याच्याच खात्यात. एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने मनाई आहे, तेव्हा "थोडे कॅश द्या" याला हो म्हणू नका.

मालकी बदलायला फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात, दोघांच्या सह्यांचे. सोबत आरसी, विमा, पीयूसी, ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे. मोटार वाहन कायद्यातल्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर करता येतो. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन "सावकाश करू" म्हणून घरी येऊ नका. मालक बदलीवर गेला किंवा त्याचा फोन बदलला की महिनोन् महिने अडकून पडाल. विकणाराच टाळाटाळ करत असेल तर त्याला त्याच्या भल्याचं सांगा. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये एका प्रकरणात स्पष्ट केलं की गाडी कितीही हात बदलून पुढे गेली असली तरी नोंदीवर ज्याचं नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. हे कळल्यावर बहुतेक जण स्वतःहून आरटीओत येतात.

ताबा घेताना एक ताबा पावती करा: तारीख आणि घड्याळातली वेळसुद्धा, मीटरचा आकडा, दोघांच्या सह्या. त्या वेळेआधीचं चलन त्यांचं, नंतरचं तुमचं. दोन्ही चाव्या मागा. एकच चावी मिळाली तर दुसरी कुणाकडे आहे याचं उत्तर मिळाल्याशिवाय हलू नका. जॅक, पाना आणि स्टेपनी जागेवर आहेत का बघा. फास्टॅग जुन्या मालकाच्या खात्याला जोडलेला असतो; तो त्यांना बंद करायला लावून तुमच्या नावाचा नवा घ्या.

विम्याकडे लोक सर्वात जास्त दुर्लक्ष करतात. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. समोरच्याच्या नुकसानीचं संरक्षण गाडीबरोबर येतं, पण तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान झालं आणि पॉलिसी जुन्याच नावावर असली तर क्लेम नाकारला जाऊ शकतो. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) माणसाचा असतो, गाडीचा नाही. "पन्नास टक्के बोनस आहे पॉलिसीवर" असं सांगून कुणी भाव वाढवत असेल तर त्या बोनसचा तुम्हाला काही उपयोग नाही; तो त्यांच्या पुढच्या गाडीला लागेल. ट्रान्सफर करताना त्या फरकाची रक्कम तुम्हाला भरावी लागेल, तीही हिशेबात धरा.

गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल आणि वायपर बदला, मालकाने "परवाच केलंय" सांगितलं असलं तरी. आरसी पोस्टाने आली की पाकीट फोडून लगेच नावाचं स्पेलिंग, पत्ता, चेसी नंबर आणि बोज्याचा रकाना वाचा. चूक असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज करा. वर्षभराने विमा भरताना ती चूक सापडली तर जुन्या मालकाची सही पुन्हा शोधायची वेळ येते.